बीनकारांचें वतन

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें अकबराच्या काळांतील एक लहानसें चित्र आहे. पुढें जहांगीराच्या दरबारीं पशुपक्ष्यांच्या चित्रांमुळें नांवाजलेल्या मन्सूर या चितार्‍यानें तें १५९० ते १५९५ च्या सुमारास काढलें, असें मानतात. चित्रांत भरदार अंगाचा एक गृहस्थ उभा आहे. त्याच्या डाव्या खांद्यावर एक मोठा भोपळा टेकलेला आहे, दुसरा भोपळा खालच्या बाजूस आला आहे, आणि दोहोंना जोडणारी लांब दांडी छातीवरून तिरकी गेली आहे. हा गृहस्थ म्हणजे नौबत खाँ कलावंत, आणि त्याच्या अंगावर अलंकारासारखें शोभणारें तें वाद्य म्हणजे बीन, अर्थात् रुद्रवीणा.

वाद्य दिसावयास साधें आहे. बांबूची किंवा लांकडाची पोकळ दांडी, तिच्या खालीं दोन भोपळे, दांडीवर मेणानें घट्ट बसविलेले वीस-बावीस पडदे, वाजविण्याच्या चार मुख्य तारा आणि बाजूंना चिकारीच्या व खर्जाच्या तारा, एवढाच काय तो त्याचा संसार. उजव्या हाताच्या दोन बोटांत नख्या घालून तारा छेडावयाच्या आणि डाव्या हातानें तार पडद्यावर ओढून मींडेनें एका स्वरावरून दुसर्‍या स्वरावर जावयाचें. आवाज मोठा नाहीं. भर मैफलींत चार माणसें बोलूं लागलीं तर तो झांकून जाईल. पण मंद्र आणि अतिमंद्र सप्तकांत तो ज्या गांभीर्यानें उतरतो, आणि एकदां छेडलेला स्वर ज्या संथपणें विरत जातो, त्यामुळें रागाचा विस्तार करण्यास याहून योग्य वाद्य नाहीं, असें जुन्या गुणीजनांचें मत होतें.

उत्तर हिंदुस्थानच्या संगीतांत सुमारें तीन शतकें सर्व वादकांत पहिला मान बीनकाराचा होता. आज सतार आणि सरोद यांचे नाद घरोघर पोंचले आहेत. बीन वाजविणारे मात्र बोटांवर मोजावे लागतात. असें असूनहि बीनची विद्या नष्ट झालेली नाहीं. उलट ती पूर्वी कधीं नव्हती इतकी पसरली आहे. सतारीचा आलाप, सरोदाचा जोड, किराणा गायकीची संथ बढत, इतकेंच नव्हे तर बांसरीवरील मंद्र सप्तकाचा विस्तार, या सर्वांच्या मुळाशीं कोठें ना कोठें एखादा बीनकार बसलेला आढळतो. वाद्य मागें राहिलें आणि त्याची विद्या पुढें गेली, हें कोडें बीनकारांच्या इतिहासांतच उलगडतें. त्यांनीं विद्या दिली, पण वाद्य दिलें नाहीं.

अबुल फजलनें आईने-अकबरींत दरबारच्या कलावंतांची यादी दिली आहे. तींत अग्रभागीं तानसेनाचें नांव आहे, आणि ग्वाल्हेरचा शिहाब खाँ व पुरबीन खाँ हे बीन वाजवीत अशी नोंद आहे. तानसेनाचें निधन १५८९ सालीं झालें. त्याच्या वंशाच्या पुढें दोन शाखा झाल्या, असें परंपरा सांगते. पुत्राकडील शाखेचें वाद्य रबाब. कन्येकडील शाखेचें वाद्य बीन. कन्या सरस्वती हिचा विवाह मिश्रीसिंग नांवाच्या बीनकाराशीं झाला, आणि हाच मिश्रीसिंग पुढें नौबत खाँ या नांवानें ओळखला जाऊं लागला, अशी ही कथा आहे. कथेचा तपशील कसाहि असो. पुढच्या बीनकारांनीं तिचा उपयोग सनदेसारखा केला. आपण तानसेनाच्या कन्येचे वंशज, तेव्हां बीनवर हक्क आपला, ही भावना त्यांच्या रक्तांत भिनली.

महाराष्ट्रांतील माणसाला ही भावना समजण्यास फार दूर जावें लागत नाहीं. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी यांसाठीं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलीं भांडणें आपल्या जुन्या दप्तरांत भरलेलीं आहेत. वतन म्हणजे नुसतें उत्पन्न नव्हे. वतन म्हणजे घराण्याचा मान, लग्नसंबंधांतील पत आणि पुढच्या पिढीची भाकरी. बीनकाराजवळ जमीन नव्हती. त्याचें वतन म्हणजे त्याला मुखोद्गत असलेलीं धृपदें, त्याच्या घरांत चालत आलेलीं रागांचीं रूपें आणि त्याच्या उजव्या हाताचे बोल. धन्याची मर्जी फिरली कीं तनखा बंद होई, दिल्ली लुटली गेली कीं लखनौ किंवा रामपूर गांठावें लागे. परंतु हें वतन बरोबर नेतां येई. तें परक्याच्या हातीं गेलें तर घरांत उरावें काय? म्हणून मुलगा, पुतण्या आणि फार तर जांवई, एवढ्यांतच बीन फिरत राहिली.

पण विद्येचा स्वभाव साठवून ठेवण्याचा नव्हे. याचें पहिलें मोठें उदाहरण म्हणजे नियामत खाँ, ज्याला संगीताचें जग सदारंग या नांवानें ओळखतें. तो महंमदशहा रंगीले याच्या दरबारचा बीनकार. महंमदशहानें १७१९ पासून १७४८ पर्यंत राज्य केलें. निजामाबरोबर दक्षिणेंतून दिल्लीस गेलेल्या दर्गाह कुली खाँ या सरदारानें त्या शहराचें जें वर्णन लिहून ठेवलें आहे, त्यांत नियामत खाँच्या बीनवादनाची मुक्तकंठानें स्तुति केली आहे. म्हणजे त्याच्या काळीं लोक त्याला ओळखत ते बीनकार म्हणून. आज त्याचें नांव गवयांच्या ओठीं आहे तें मात्र ख्यालांमुळें. ‘सदारंगीले’ आणि ‘महंमदशा’ हीं दोन नांवें ज्यांत गुंफलेलीं आहेत असे शेंकडों ख्याल आजहि गाइले जातात.

या ख्यालांविषयीं गवयांत एक समजूत चालत आली आहे. सदारंगानें ख्याल रचले खरे, पण ते स्वतःच्या वंशजांना शिकविले नाहींत. ते बाहेरच्या शागीर्दांना दिले. घरच्यांसाठीं धृपद आणि बीन राखून ठेवली. जें हलकें वाटलें तें दान केलें आणि जें भारी तें पेटींत ठेवलें, असा हा हिशेब होता. पुढें काळानें तो हिशेब उलटा करून दाखविला. दान केलेल्या ख्यालानें सारा उत्तर हिंदुस्थान आणि महाराष्ट्र व्यापला. पेटींतली बीन मात्र पेटींतच जुनी होत गेली.

एकोणिसाव्या शतकांत हीच गोष्ट वाद्यांच्या बाबतींत घडली. उमराव खाँ हे त्या काळचे मोठे बीनकार. लखनौकडील गुलाम महंमद खाँ हे त्यांचे शिष्य. शिष्य गुणी, मेहनती, पण घराण्याबाहेरचा. त्याला बीन शिकवावी तर कुळाचार मोडतो. न शिकवावी तर एवढी बुद्धि वायां जाते. तेव्हां गुरूनें तोड काढली ती अशी, कीं एक मोठी, जाड तारांची, खर्जांत बोलणारी सतार करवून तिच्यावर बीनचा आलाप शिकविला. तिलाच पुढें सुरबहार म्हणूं लागले, असें परंपरा सांगते. गुलाम महंमदांचे पुत्र सज्जाद महंमद यांनीं ही विद्या कलकत्त्यास नेली. तेथें संगीताचे मोठे अभ्यासक व आश्रयदाते सौरींद्रमोहन टागोर यांच्या पदरीं ते होते. गुरूनें बीनचें दार बंद ठेवलें, पण शेजारीं दुसरें दार पाडून दिलें, आणि त्या दारांतून बीनचा आलाप बंगालपर्यंत गेला.

महाराष्ट्राचा या इतिहासाशीं जो निकटचा संबंध आहे तो बंदे अली खाँ यांच्यामुळें. किराण्याच्या परंपरेंतील हे बीनकार ग्वाल्हेरचे सुप्रसिद्ध ख्यालगायक हद्दू खाँ यांचे जांवई. इंदूरच्या होळकर दरबारीं त्यांची कारकीर्द झाली. वृत्ति फकिरी, मन लहरी, आणि हात असा कीं त्यांचा बीन ऐकलेल्या माणसानें तो जन्मभर आठवावा, असें त्यांच्याविषयीं सांगत. ग्वाल्हेरच्या महाराजांनीं प्रसन्न होऊन काय हवें तें माग म्हटल्यावर त्यांनीं धन मागितलें नाहीं, तर दरबारची गायिका चुन्नाबाई हिचा हात मागितला, ही आख्यायिका गवयांच्या मंडळींत प्रसिद्ध आहे. उतारवयांत हें जोडपें पुण्यास येऊन राहिलें, आणि एकोणिसावें शतक सरण्यापूर्वीच बंदे अलींनीं पुण्यांतच देह ठेवला.

बंदे अली खाँ हे वतनाच्या नियमाला थोडेसे अपवाद होते. मुराद खाँ यांना त्यांनीं प्रत्यक्ष बीनच दिली, आणि मुराद खाँ तिच्यावर नांव मिळवून गेले. पण त्यांच्या विद्येचा मोठा ओघ इतर वाद्यांतून आणि गळ्यांतून वाहिला. रहिमत खाँ यांनीं त्यांच्याकडून तालीम घेतली ती सतारीवर. पुढें ते धारवाडास स्थायिक झाले आणि १९५४ पर्यंत त्या भागांत सतारीचें एक घराणेंच त्यांनीं उभें केलें. किर्लोस्कर नाटक मंडळींतील एका मुलाचा गोड गळा बंदे अलींच्या कानीं पडला आणि त्यांनीं त्याला गंडा बांधला. तो मुलगा म्हणजे भास्करबुवा बखले. बुवांचा जन्म १८६९ चा. पुढें फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांनीं विद्या घेतली, तरी मोठ्या उस्तादाचा पहिला आशीर्वाद त्यांना मिळाला तो एका बीनकाराचा. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. बीनचा मराठी रंगभूमीशीं असा दूरचा कां होईना, पण खरा धागा आहे.

याहून ठळक धागा किराणा गायकीचा. अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ चा. यमुनेकांठच्या कैराना गांवाहून निघालेला हा गवई बडोदें, पुणें, बेळगांव करीत शेवटीं मिरजेस स्थिरावला. खाँसाहेब स्वतः बीन वाजवीत, आणि वाद्यें जुळविण्यांत व दुरुस्त करण्यांत त्यांचा हातखंडा होता. मिरजेंत तंबोरे आणि सतारी करणार्‍या कारागिरांची परंपरा त्यांच्या येण्यापूर्वींचीच. पण तंबोर्‍याच्या जवारींतून निघणारा गंधार कसा ऐकावा, हें खाँसाहेबांच्या सहवासांत अनेकांना नव्यानें कळलें. त्यांचें गाणें ऐकणार्‍यास एक गोष्ट लगेच जाणवते. ते स्वरावर चढून बसत नाहींत. स्वराला हळूच स्पर्श करून त्याच्या भोंवतीं फिरतात, मग पुढच्या स्वराकडे न तुटतां सरकतात. ही चाल मुळांत बीनकाराच्या डाव्या हाताची आहे. सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, आणि त्यांच्या मागून गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी यांच्या मैफलींत महाराष्ट्रानें रात्रीच्या रात्री घालविल्या. त्या रात्रींत बीन कोठेंहि दिसत नव्हती. तिचा संथपणा मात्र गळ्यांतून ऐकूं येत होता.

तिकडे सतारीनेंहि हेंच केलें. इमदाद खाँ (१८४८–१९२०) हे सतार आणि सुरबहार यांचे मोठे वादक. आयुष्याच्या अखेरीस तेहि इंदूर दरबारींच होते. त्यांच्या हातावर बंदे अली खाँच्या बीनचा संस्कार झाला, असें त्यांच्या घराण्यांत मानतात. त्यांचे पुत्र इनायत खाँ १९३८ सालीं वारले तेव्हां नातू विलायत खाँ अवघे दहा वर्षांचे होते. पण पुढें याच विलायत खाँनीं सतारीच्या एका पडद्यावर तार ओढून चार-चार, पांच-पांच स्वर असे काढून दाखविले, कीं सतार गाऊं लागली असें लोक म्हणूं लागले. तार ओढून अखंड मींड काढण्याची ही कल्पना मूळची बीनची. फक्त ती आतां अधिक चपळ आणि अधिक बोलक्या वाद्यावर आली होती.

या सर्व कथेंतील सर्वांत हृद्य प्रकरण रामपूरचें आहे. वजीर खाँ (१८६०–१९२६) हे तानसेनाच्या कन्यावंशांतील बीनकार आणि नबाब हमीद अली खाँ यांचे गुरु. अशा माणसाच्या उंबर्‍यापर्यंत पोंचणेंहि सामान्याला अवघड. पूर्व बंगालांतील एका खेड्यांतून संगीताच्या वेडानें घर सोडून निघालेला अल्लाउद्दीन नांवाचा तरुण रामपुरास आला, आणि पहारेकर्‍यांनीं त्याला दारावरूनच हांकलून दिलें. शेवटीं त्यानें नबाबाची गाडी येतांना पाहून रस्त्यांत स्वतःला झोंकून दिलें. नबाबानें त्याची चौकशी केली, त्याचें वाजविणें ऐकलें, आणि स्वतः रदबदली करून वजीर खाँकडून त्याला गंडा बांधविला. पुढें मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ म्हणून विख्यात झालेल्या या शिष्यानें ही हकीकत वृद्धपणीं अनेकांना सांगितली.

गंडा बांधला गेला, पण विद्या मिळेना. शिष्य रोज दारीं येई, सेवा करी आणि परत जाई. अशीं वर्षें गेलीं. पुढें त्याच्या घरचें दुःख उस्तादांच्या कानीं आलें, त्यांचें मन द्रवलें आणि तालीम सुरू झाली. रबाब आणि सुरसिंगार यांची तालीम त्याला मिळाली, धृपदें मिळालीं, सरोदावर वाजविण्याचा अफाट संग्रह मिळाला. एक वस्तु मात्र मिळाली नाहीं, ती म्हणजे बीन. ती घरच्या मुलांसाठीं होती. ग्वाल्हेर दरबारचे हाफिज अली खाँ हेहि वजीर खाँचे शिष्य; त्यांनाहि जें मिळालें तें सरोदावर. आणि मग, मैहरच्या परंपरेंत सांगतात त्याप्रमाणें, वजीर खाँचा वडील मुलगा बापाच्या डोळ्यांदेखत गेला. ज्याच्यासाठीं सारें जपून ठेवलें तोच राहिला नाहीं. तेव्हां वृद्ध उस्तादांनीं अल्लाउद्दीनला बोलावून घेतलें आणि आजवर हातचें राखलेलें पुष्कळसें त्याच्या ओटींत टाकलें.

त्या ओटींतून काय बाहेर पडलें हें सर्वांना ठाऊक आहे. मैहरच्या त्या लहानशा घरांत मुलगा अली अकबर सरोद शिकला, मुलगी अन्नपूर्णादेवी सुरबहार शिकली, रविशंकर आणि निखिल बॅनर्जी सतार शिकले, पन्नालाल घोष यांची बांसरी गंभीर झाली. रविशंकर यांच्या सतारीवर खर्जाची जी जाड तार असे आणि मैफलीच्या आरंभीं जो दीर्घ आलाप व जोड ते वाजवीत, तो बीनकाराचाच वारसा. अन्नपूर्णादेवी १९२७ ते २०१८ एवढें दीर्घ आयुष्य जगल्या आणि त्यांतील अनेक दशकें त्यांनीं मुंबईंत काढलीं. मैफल त्यांनीं सोडली होती. पण त्यांच्या बंद दाराआड हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य बसत. अल्लाउद्दीन खाँ आणि हाफिज अली खाँ दोघेहि १९७२ सालीं वारले. तोंवर वजीर खाँनीं घराबाहेर दिलेली विद्या युरोप-अमेरिकेच्या सभागृहांत पोंचली होती. घरांतली बीन मात्र वजीर खाँचे नातू दबीर खाँ यांच्यापर्यंत येऊन क्षीण झाली. तेहि कलकत्त्यास राहिले आणि आपली विद्या त्यांनीं मुख्यतः सतारिये, सरोदिये व गायक यांनाच वांटली.

हें सर्व ऐकून या उस्तादांना कृपण ठरविणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. छापील पुस्तक नाहीं, ध्वनिमुद्रिका नाहीं, रचनेवर कर्त्याचा कायदेशीर हक्क नाहीं, अशा काळांत एखादें दुर्मिळ धृपद दुसर्‍याला दिलें कीं तें कायमचें दिलें. उद्यां तोच शिष्य दुसर्‍या दरबारीं तेंच धृपद गाऊन आपल्या मुलाची जागा पटकावणार नाहीं याची हमी कोण देणार? शिवाय राखून ठेवण्याचा एक लाभहि झाला. ज्या घरांत बीन होती तेथें धृपदाचा आलाप शतकानुशतकें कोणाच्या टाळ्यांसाठीं बदलला नाहीं. सर्वांच्या हातीं पडलेलीं वाद्यें लोकांच्या आवडीप्रमाणें चपळ झालीं. बीन होती तशीच राहिली. तिच्या संथपणाला वतनाच्या भिंतींनींच जपलें.

परंतु भिंतींना आधार होता तो दरबारांचा. १९४७ नंतर दोन-तीन वर्षांच्या आंत संस्थानें विलीन झालीं, आणि तनख्यावर शांतपणें रियाज करणारा बीनकार एकाएकीं तिकिट काढून येणार्‍या श्रोत्यांपुढें उभा राहिला. दोन हजार माणसांच्या सभागृहांत बीनचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाहीं. ध्वनिक्षेपक आला, पण त्यानें आवाज वाढतो, श्रोत्याचा धीर वाढत नाहीं. वाद्य अवघड, कमाई अनिश्चित, शिकण्यास दहा-पंधरा वर्षें. तेव्हां बीनकाराच्या मुलानेंच सतार हातीं घेतली तर त्याला दोष कोणी द्यावा? जें परक्याला द्यावयाचें नव्हतें, तें आतां घरचाच घेईना. वतनाला वारस राहिला नाहीं.

या प्रसंगीं दोन बीनकारांनीं दोन निराळीं उत्तरें दिलीं. पहिले असद अली खाँ. जयपूर-अलवरकडील जुन्या बीनकार घराण्यांत त्यांचा जन्म १९३७ सालीं झाला. वडील सादिक अली खाँ (१८९३–१९६४) हे रामपूर दरबारचे बीनकार. असद अलींनीं वाद्यांत आणि बैठकींत फरक करण्याचें नाकारलें. वज्रासनांत बसून, डाव्या खांद्यावर भोपळा घेऊन, नख्यांनीं स्पष्ट बोल काढीत ते खंडारबाणीची बीन वाजवीत. त्यांना पाहणार्‍यास मन्सूरच्या चित्राची आठवण व्हावी. मात्र जुन्या रूपाचा हा अभिमानी माणूस दिल्ली विद्यापीठांत अनेक वर्षें शिकवीत होता, आणि तेथें येणारे विद्यार्थी कोणाच्या कुळांतले याची विचारपूस नव्हती. २००८ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. २०११ मध्यें ते वारले. कर्नाटकांतील सिरसीकडच्या ज्योती हेगडे त्यांच्याकडे शिकल्या. स्त्रीनें बीन हातीं धरूं नये, अशी जुनी समजूत होती. ती मोडली ती याच कर्मठ म्हणविणार्‍या परंपरेच्या दारांत.

दुसरे झिया मोहिउद्दीन डागर. जन्म १९२९, उदेपूर. डागर हें घराणें मूळचें धृपद गाणार्‍यांचें. बीन त्यांच्या घरीं होती ती गळा तयार करण्याचें साधन म्हणून, मैफलीसाठीं नव्हे. झिया मोहिउद्दीन यांनीं ती मैफलींत आणली, आणि आणतांना तिचें रूपच बदललें. कलकत्त्याच्या कारागिरांकडून त्यांनीं दांडी जाड आणि भोपळे मोठे करून घेतले. त्यामुळें वाद्य इतकें जड झालें कीं तें खांद्यावर पेलेना. मग तें दक्षिणेकडील वीणेसारखें आडवें धरून ते वाजवूं लागले. नख्याहि त्यांनीं टाकल्या आणि उघड्या बोटांनीं तार छेडली. असें करण्यांत बोलांचा कडकपणा गेला, पण स्वर अधिक खोल झाला आणि अधिक वेळ टिकूं लागला. एकेका रागाचा आलाप ते तास-दीड तास करीत. जुन्या मतांच्या माणसांना हें रुचलें नसेल. पण ज्या गुणासाठीं बीन थोर मानली गेली, तोच गुण त्यांनीं वाढविला, हें कोणालाहि नाकारतां येणार नाहीं.

झिया मोहिउद्दीन यांनीं घर केलें तें मुंबईंत, आणि पनवेलजवळ पळस्पे येथें त्यांनीं गुरुकुल बांधलें. अमेरिकेंत सिअॅटल येथील विद्यापीठांतहि त्यांनीं शिकविलें. त्यांच्याकडे येणार्‍यांत सतारिये होते, सुरबहार वाजविणारे होते, गाणारे होते. पाश्चात्य चेलो घेऊन आलेल्या एका परदेशी शिष्येलाहि त्यांनीं त्याच वाद्यावर धृपदाचा आलाप दिला. १९९० सालीं ते निवर्तले. त्यांचे धाकटे बंधु झिया फरीदुद्दीन डागर यांनीं भोपाळच्या ध्रुपद केंद्रांत गायकांची एक पिढी तयार केली आणि तेहि २०१३ सालीं गेले. पुत्र बहाउद्दीन डागर यांनीं बीन पुढें चालविली. बंदे अली खाँच्या मुली डागर घराण्यांत दिल्या होत्या, असें त्या घराण्यांत सांगतात. तसें पाहिलें तर पुण्याच्या मातींत विसावलेल्या त्या फकिरी बीनकाराचेंच रक्त आणि त्याचीच विद्या शंभर वर्षांनीं पुन्हां सह्याद्रीच्या या बाजूला येऊन राहिली.

सदारंग, उमराव खाँ आणि वजीर खाँ यांच्यापेक्षां पळस्प्याचा हा गुरु एका बाबतींत निराळा होता. परक्यांना इतर वाद्यांवर विद्या त्यांनींहि दिली आणि यानेंहि दिली. पण पूर्वीं शिष्याच्या हातीं कोणतें वाद्य पडावें हें गुरूच्या कुळाचारावर ठरे. येथें तें शिष्याच्या मनावर ठरूं लागलें. ज्यानें सतार आणली तो सतारीवर शिकला, ज्याला बीन हवी होती त्याला बीन मिळाली. तीन शतकांच्या वतनाची सनद अशी कोणताहि गाजावाजा न होतां बाजूस ठेवली गेली.

बीनसाठीं झुंबड उडाली आहे असें नाहीं, आणि ती कधीं उडेल असेंहि नाहीं. एका स्वरावर पावशेर वेळ थांबण्याची तयारी असलेला श्रोता आणि एका मींडेसाठीं वर्ष देणारा शिष्य हे दोघेहि नेहमींच थोडे होते. दरबारांतहि ते थोडेच होते. फरक इतकाच, कीं त्यांची निवड आतां जन्मावर होत नाहीं. मुंबई-पुण्याच्या एखाद्या घरांतील मुलाला किंवा मुलीला उद्यां बीन शिकावीशी वाटली तर तिचा किंवा त्याचा बाप कोण, हें कोणी विचारणार नाहीं. विचारतील ते इतकेंच, कीं बसावयास किती वर्षें आहेत.